रिकाम्या जागी आक्का

सकाळपाळी संपली की बाकीच्या नर्सेस घरी जायच्या आणि आक्का वर्गात जायची. वर्ग म्हणजे इस्पितळाच्या तळमजल्यावरची जुन्या चादरींची कोठी. चादरी हलवल्या होत्या, वास तेवढा मागे राहिला होता. भिंतीला लागून बिलिंग खात्याने टाकून दिलेले संगणक मांडले होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकासमोर आक्का बूट काढून, सुजलेले पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवून बसायची. बूट काढायला मनाई नव्हती. असती तरी तिने ते काढलेच असते, कारण त्या वेळेपर्यंत पाय आपले की शेजारणीचे, हे तिला कळेनासं झालेलं असायचं.

या वयात पायथन नावाची संगणकाची भाषा शिकायची हौस तिला नव्हती. हौस मेट्रनबाईंनाही नव्हती. वॉर्डातल्या नर्सेसच्या पाळ्या लावायचं काम आक्का कित्येक वर्षं हाताने करत आली होती, तेही आपली ड्युटी सांभाळून, मधल्या सुट्टीत, एका हातात डब्यातला घास आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून. आता वरून फर्मान आलं की पाळ्या संगणकाने लागल्या पाहिजेत. त्यासाठी एक टेबल, एक खुर्ची आणि वॉर्डातलीच, पण फक्त दिवसाच्या पाळ्या असलेली एक जागा निघाली. मेट्रनबाईंनी आक्काला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"वर्ग पुरा कर. एका आठवड्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम स्वतः लिहून दाखव, टेबल तुझं," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर बाहेरून माणूस येईल. मग तुला पुन्हा सगळ्यांसारखी फिरती पाळी. रात्रीसुद्धा. माझ्या हातात याहून जास्त नाही गं."

दोघी एकाच वर्षी शिकून बाहेर पडलेल्या. एके काळी रात्रपाळीत एकाच घोंगडीखाली आळीपाळीने डोळे मिटलेल्या. एक केबिनमध्ये गेली, एक वॉर्डात राहिली, म्हणून चारचौघांत "बाई" आणि दार लागलं की "तू". आक्काने मान हलवली. आता तिच्या गुडघ्यांना रात्रपाळी झेपणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. गेल्या खेपेस रात्रपाळी करून घरी जाताना ती बसमध्ये झोपली आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने तिला हलवून उठवलं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते टेबल तिला हवं होतं, आणि इतकं काही हवंसं वाटायची तिची सवय कधीचीच मोडली होती.

शिकवायला एक मास्तर यायचे. वयाने आक्काच्या भाच्याएवढे, पण शिकवतात ते मास्तर, या हिशेबाने सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. दिवसाला तीन ठिकाणी वर्ग घेऊन ते इथे येईपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा. शिकवता शिकवता फळ्याला पाठ टेकायचे आणि सदऱ्यावर शाईचे उलटे आकडे घेऊन घरी जायचे. वर्गात आणखी दोघं होती. एक औषधांच्या खिडकीवरची पोरगी, तिला सगळं पटकन यायचं आणि तिचं तिलाच त्याचं काही वाटायचं नाही. दुसरे एक्स-रेवाले काका. त्यांना काहीच यायचं नाही आणि त्याचंही त्यांना काही वाटायचं नाही. वाटायचं ते सगळं आक्कालाच.

पहिल्या दिवशी संगणकाने तिचं नाव पडद्यावर छापलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. मग सगळं डोक्यावरून जायला लागलं. ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिली, लाल अक्षरं. ओळ चार घरं आत सरकवायची राहिली, लाल अक्षरं. सरकवली पण एका ठिकाणी तीनच घरं सरकली, पुन्हा लाल अक्षरं. "अहो मास्तर, एका मोकळ्या जागेवरून एवढं अडून बसतात होय?" तिने विचारलं. मास्तर म्हणाले, "आक्का, ते बिचारं मठ्ठ आहे. तुम्ही सांगाल तेवढंच करतं. न सांगता समजून घेणं त्याला येत नाही." हे मात्र आक्काला एकदम पटलं. तिच्या ओळखीत असे बरेच होते, आणि त्यांना वीज लागत नव्हती.

हळूहळू हात बसला. बसला म्हणजे काय, रेटून बसवला. मास्तरांनी यादी कशी करायची ते दाखवलं. सरावापुरती कुठलीही नावं चालतील म्हणाले, तेव्हा तिने वॉर्डातल्या मुलींना ज्या नावांनी मनातल्या मनात हाक मारायची तीच घातली: चष्मेवाली, लंबू, धाकटी, बाळंतीण, घाईवाली, नवी. मग प्रत्येकीच्या नावाचा एक डबा करायचा, आणि पाळी दिली की त्या डब्यात एक टाकायचा. ज्या डब्यात कमी, तिला पुढची पाळी आधी. बाळंतिणीला रात्र नाही. एकीला लागोपाठ दोन रात्री नाहीत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी काही झालं तरी पाळी नाही. नियम तिला पाठ होते, ते कशाला शिकायला हवेत? फक्त या मठ्ठाला कळेल अशा बेताने सांगायचे होते. एकेक नियम सांगताना तिच्या नाकी नऊ यायचे. काल लिहिलेली ओळ आज आपणच का लिहिली ते आठवायचं नाही. पण रोज एखादी ओळ तरी जागेवर बसत होती.

एकच ओळ तिने कुणाला न विचारता, एका दमात लिहिली. सगळे नियम पाळून एखाद्या पाळीला कुणीच उरलं नाही तर काय करायचं? तिथे तिने लिहिलं: आक्का. कागदावरही ती तेच करायची. सगळ्या जणी बसवून झाल्या की तक्त्यात इकडेतिकडे रिकामी घरं उरायची, आणि त्यांत ती शेवटी पेन्सिलीने आपलं नाव भरायची. हिला ताप, तिच्या घरी पाहुणे, नवीचं लग्न. "मी आहे ना," म्हणायची आणि भरायची. त्यामुळे तिचा तक्ता वर जायचा तेव्हा त्यात एकही घर रिकामं नसायचं. वरचे खूश, मुली खूश. वॉर्डात तिच्यासारखी पाळी लावणारी दुसरी नाही, असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकून तिला बरं वाटायचं हेही खरंच.

तर ती ओळ लिहिली आणि प्रोग्राम चालवला. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारच्या दुपारपर्यंत नावं कशी सरसर उतरली. आणि घोडं अडलं. लाल अक्षरं आली. त्या लाल अक्षरांच्या अगदी शेवटी, अवतरणचिन्हांत, तिचं स्वतःचं नाव होतं. आक्का.

आजवर या यंत्राने तिच्या पुष्कळ चुका काढल्या होत्या, पण नाव घेऊन कधी काढली नव्हती. काकांच्या पडद्यावर तर रोज लाल सडा असायचा, त्यात कुठे काकांचं नाव यायचं? तिने पटकन ते पुसून टाकलं. पुन्हा सगळ्या ओळी वरून खाली तपासल्या, टिंबं मोजली, मोकळी घरं मोजली, आणि पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. आधी कसली तरी तक्रार आणि शेवटी आक्का. घरी "आई", वॉर्डात "आक्का, जरा येता का", आणि आता हेही वेडं तिलाच हाक मारत होतं.

मास्तर मागून आले की ती पडद्यावर दुसरंच काहीतरी आणायची. "कुठवर आलंय, आक्का?"

"होतंय, होतंय."

होत काहीच नव्हतं. दाखवायचा दिवस जवळ येत होता. वर्गातून निघताना तिला बूट चढवायचं जिवावर यायचं. एकदा तर ती पायऱ्यांवरच बसून राहिली. चढून वर गेलं की बस, बस उतरलं की चालणं, आणि चालून गेलं की उद्या. झाडूवाली पुसत पुसत तिच्यापर्यंत आली, तिच्या भोवतीने पुसून पुढे गेली.

घरी लेकीने जेवण करून ठेवलेलं होतं. लेक कॉलेजात शिवणकामाचं शिकत होती. पायथनचं तिला काही विचारायची सोय नव्हती. "आई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तू टाके विचार," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. जेवता जेवता आक्काचा डोळा लागला.

"आई, ताट पडेल."

"जागी आहे मी."

"तुझी पुढची सुट्टी कधी आहे?" लेकीने विचारलं.

"बघायला हवं."

"बघायला काय हवं? पाळ्या तूच लावतेस ना? मग तुलाच कसं माहीत नसतं?"

तेवढ्या वेळात आक्काचा पुन्हा डोळा लागला होता. लेकीने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं बिंग फुटलं. ती लाल अक्षरं पुसणार तेवढ्यात एक्स-रेवाल्या काकांनी मान लांब करून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अरे वा! आक्का, तुमचं नाव छापून आलंय की. आमचं नाही बुवा कधी येत." मास्तर उठून आले. आता लपवून काय उपयोग? आक्का बाजूला सरकली.

"हे कधीपासून आहे?" मास्तरांनी विचारलं.

"झाले काही दिवस."

"मग दाखवलं का नाहीत?"

"नाव घेऊन चूक काढतंय, मास्तर. मला वाटलं, माझंच काहीतरी असं चुकलंय की..." एवढ्या मोठ्या बाईच्या डोळ्यांत पाणी यावं, तेही संगणकापायी, याचीच तिला लाज वाटली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच फळ्याऐवजी खुर्चीला पाठ टेकली. "आक्का, ते तुम्हाला रागवत नाहीये. ते तुम्हाला शोधतंय," ते म्हणाले. "तुम्ही त्याला सांगितलंत की आक्काला पाळी द्या आणि आक्काच्या डब्यात एक टाका. ते डबा शोधायला गेलं. डबे कशावरून केलेत तुम्ही?"

"यादीवरून."

"वाचा बघू यादी."

आक्काने यादी वाचली. चष्मेवाली, लंबू, धाकटी, बाळंतीण, घाईवाली, नवी. वाचून झाल्यावर तिने ती पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात आणि पडद्यावर बोट ठेवून. वॉर्डातली एकूण एक बाई त्या यादीत होती. आक्का स्वतः नव्हती.

"यादीत नाव नाही, म्हणून डबा नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून ते म्हणतंय, आक्का कोण? मला माहीत नाही. साधी चूक आहे, सगळ्यांची होते."

सगळ्यांची होत नाही, हे आक्काला कळत होतं. औषधांच्या खिडकीवरच्या पोरीने आपल्या यादीत पहिलं नाव स्वतःचंच घातलं होतं. आक्का किती तरी वेळ त्या सहा नावांकडे बघत राहिली. मग तिने स्वल्पविराम दिला आणि शेवटी आपलं नाव लिहिलं.

प्रोग्राम सरळ रविवारपर्यंत गेला. लाल काही आलं नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, आता प्रत्येकीच्या डब्यात किती झाल्या तेही छापा, म्हणजे बरोबर आहे का ते दिसेल. तिने छापलं. सगळ्या जणींच्या नावापुढे जवळपास सारखाच आकडा होता, आणि शेवटी आक्कापुढे जवळजवळ दुप्पट. सुट्टीचा दिवस नाही. एका ठिकाणी तर दुपार, तिला लागून रात्र, आणि रात्रीला लागून सकाळ.

"हे कुठून आलं?" मास्तर ओळी बघत खाली गेले आणि त्या एका दमात लिहिलेल्या ओळीवर थांबले. "ही ओळ बाकीचे सगळे नियम मोडते, आक्का. कुणीच नसलं की तुम्ही, मग तुम्ही कितीही दमलेल्या असा. असं चालतं का तुमच्याकडे?"

"कागदावर चालत होतं."

"आणि तुम्हाला?"

कुणी आक्काला हे असं विचारलंच नव्हतं, आणि तिने स्वतःलाही नाही. तक्ता आजवर तिने शेकडो वेळा पाहिला होता, पण स्वतःपुरती नेहमी नुसती घरं पाहिली होती. रिकामं कुठलं, भरलेलं कुठलं. एका बाईच्या नावावर बोट ठेवून तिचा आठवडा कसा जातो ते तिने दुसऱ्या प्रत्येकीसाठी पाहिलं होतं. आज आपला पाहिला आणि तिला त्या बाईची कीव आली. तिने ती ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: रिकामी.

पुन्हा चालवलं. आता सातही जणींना जवळपास सारख्या पाळ्या. सोमवारच्या सुट्टीच्या रकान्यात आक्का. आणि शनिवारी रात्री, दोघी हव्यात तिथे, एकच नाव आणि त्याच्याखाली तिने लिहिलेला तो शब्द. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "मेट्रनबाईंना हे दाखवणार?"

"दुसरं काय दाखवू?" आक्का म्हणाली. पण तक्त्यात रिकामं घर ठेवून ती आजवर त्या केबिनमध्ये कधी गेली नव्हती.

दाखवायच्या दिवशी आक्काने सरावाच्या नावांच्या जागी मुलींची खरी नावं घातली. मास्तरही सोबत आले. मेट्रनबाईंनी चष्मा लावला, छापील कागद हातात घेतला आणि वरपासून वाचायला लागल्या. मधेमधे मान हलवत होत्या. शनिवारवर आल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे कुणी नाही."

"नाही, बाई."

"तुझ्या हातच्या तक्त्यात असं कधी नसायचं. इथे कोण असायचं?"

"मी."

मेट्रनबाईंनी कागद खाली ठेवला. "मग घाल की तुझं नाव. एका ओळीचं तर काम. मी हा वर पाठवला तर ते म्हणतील, हाताने भरत होतं ते संगणकाने भरत नाही, मग कशाला हवाय तो आणि कशाला हवी ती जागा? टेबल तुझ्या हातातून जाईल. एवढ्या एका घरासाठी अडू नकोस."

संगणक समोर उघडा होता. ती ओळ आक्काला पाठ होती, डोळे मिटूनही लिहिता आली असती. हात कळफलकापर्यंत गेलाही. मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. आक्काला टेबल दिसत होतं, खुर्ची दिसत होती, आणि शेवटच्या थांब्यावर खांदा हलवणारा कंडक्टरही दिसत होता. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"मी दमलेय गं," ती म्हणाली.

मास्तर तिथे होते, दार उघडं होतं, बाहेर शिपाई होता. ती "बाई" म्हणायचं विसरली होती, आणि विसरली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "इतकी वर्षं तिथे माणूस कमी आहे. मी नाव भरत गेले, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. या वेड्याने निदान सांगितलं तरी. आता त्यालाही माझ्यासारखं गप्प बसायला शिकवू का? टेबल नाही दिलंस तरी चालेल. चालणार नाही, पण नाही दिलंस तर काय करणार. ते घर मी भरणार नाही."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लाल पेनने त्या रिकाम्या घराभोवती गोल केला, बाजूला "एक नर्स कमी, त्वरित हवी" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. "जाऊ दे वर असाच," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते मला बोलतील. तू सोमवारपासून टेबलावर..." त्यांची नजर पुन्हा कागदावर गेली. "सोमवारी तुझी सुट्टी आहे. मंगळवारपासून ये."

सोमवारी आक्काला रोजच्यासारखी पहाटेच जाग आली. तिने उठून केस बांधले, गणवेश हातात घेतला, आणि मग आठवलं. काय करावं ते सुचेना. ती पलंगावर बसून राहिली. लेक उठली, चहा झाला, लेक कॉलेजला जायला निघाली, तरी आक्का गणवेश मांडीवर घेऊन तशीच बसलेली.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातून धाकटी होती. "आक्का, माझ्या जोडीची आलीच नाही, फोनही उचलत नाहीये. इथे मी एकटी आहे. तुम्ही येता का जरा? तुमचं नाव दिसत नाहीये आज सकाळच्या रकान्यात, म्हटलं संगणकाची काहीतरी चूक असेल."

दारात चप्पल घालता घालता लेक थांबली होती आणि आईकडे बघत होती. आक्काच्या ओठांवर "मी आहे ना" आलं होतं. ते नेहमीच आधी यायचं.

"चूक नाही," ती म्हणाली. "सुट्टीच्या रकान्यात बघ. तिथे आहे मी."

धाकटीने बघितलं असावं. पलीकडे काही क्षण नुसताच वॉर्डाचा आवाज येत राहिला, ट्रॉलीचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. "हो, आहे," ती म्हणाली. "मग मी काय करू?"

"मेट्रनबाईंना सांग. आत्ता, लगेच. माणूस पाठवणं त्यांचं काम आहे."

तिने फोन ठेवला. धाकटी एकटी, वॉर्ड भरलेला, या विचाराने तिला कसंसंच झालं, आणि ते झालं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. लेकीने येऊन तिच्या मांडीवरचा गणवेश उचलला, खुंटीला अडकवला, पडदा ओढला आणि निघून गेली. आक्का आडवी झाली. झोप काही लगेच आली नाही. फोन पुन्हा वाजेल म्हणून ती कान देऊन पडून राहिली. तो वाजला नाही, की वाजला आणि तिला ऐकूच आला नाही, ते तिला संध्याकाळी उठल्यावरही सांगता आलं नसतं.